मी, माझा तोल आणि टीव्हीवरचा खेळ

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी, ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, वर्गणीची आठवण करून देत असतील. पण ते म्हणाले, "काका, यंदा ज्येष्ठांच्या कार्यक्रमात तुम्ही बोला. तुम्ही म्हणे या वयात व्हिडिओ गेम खेळता!" म्हणजे बातमी सेक्टरभर पोचली होती. ती कुणी पोचवली हे मला ठाऊक आहे. ती व्यक्ती समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता पदर तोंडाला लावून हसते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुमचं लक्ष तिकडे जाणार नाही. माझा डावा हात हलतो आहे. तो माईकला घाबरून हलत नाही. मला पार्किन्सन्स आहे. २०१९ साली निदान झालं. त्यानंतर तीन वर्षं मी तुमच्यापैकी कुणालाही कळू दिलं नाही. हात पँटच्या खिशात घालून फिरायचो. काही जणांना वाटलं, साहेब रिटायर झाल्यावर जरा ऐटीत चालायला लागले. वाटू दे म्हटलं, ऐट परवडली.

निदान होण्याआधीची गंमत वेगळीच. डावा खांदा धरला होता. फ्रोझन शोल्डर म्हणून सात महिने शेक घेतला, दोरी-पुलीचे व्यायाम केले. त्या डॉक्टरांना दोष देत नाही, पार्किन्सन्सची सुरुवात पुष्कळदा अशी खांद्याच्या दुखण्याचं सोंग घेऊन होते. मग एक दिवस बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. घरी येऊन जुन्या फायली काढल्या. १९९८ची माझी सही अर्धी ओळ खायची. आताची सही मुंगीनं केल्यासारखी. तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढलेल्या माणसाला एवढं कळतं की रीडिंग असं हळूहळू सरकत गेलं, तर बिघाड आत आहे.

आता रोगाबद्दल थोडक्यात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं १८१७ साली कंपवातावर एक निबंध लिहिला. त्यात अवघे सहा रुग्ण होते आणि त्यांतले काही तर त्यानं नुसते रस्त्यावर चालताना पाहिले होते. म्हणजे हा रोग चालण्यात दिसतो, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्या झिजत जातात आणि लक्षणं दिसेपर्यंत त्यांचा मोठा हिस्सा गेलेला असतो. डोपामिनचं महत्त्व दाखवणाऱ्या आर्व्हिड कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाला २००० साली नोबेल मिळालं. लेव्होडोपाची गोळी घेतली की हात-पाय मोकळे होतात, हे आम्ही रुग्ण रोज अनुभवतो. (आपल्या खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. पण म्हणून कुणी स्वतःच्या मनानं चूर्ण सुरू करू नका. प्रमाण कळत नाही आणि चालू गोळ्यांशी गोंधळ होतो.) आपल्या देशाशी संबंधित एक आकडा सांगतो. मुंबईच्या पारशी समाजात घरोघरी जाऊन एक पाहणी झाली होती, ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. लाखामागे ३२८ रुग्ण सापडले. तेव्हा तुमच्या ओळखीत हा रोग कुणाला नाही असं वाटत असेल, तर एखाद्याचा हात खिशात असण्याची शक्यता आहे.

पण आजचा माझा विषय कंप नाही. कंपाचं एवढं काही नाही हो. चहा अर्धा कपच घ्यायचा, प्रश्न मिटला. विषय आहे तोल. गोळीनं कंप कमी होतो, ताठरपणा कमी होतो, पण तोलाच्या बाबतीत गोळी हात आखडता घेते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

२०२२चा गणेशोत्सव. हाच मांडव, फक्त स्टेज पलीकडच्या बाजूला होतं. आरती झाली, माझ्या हातात प्रसादाचं ताट होतं. मागून कुणीतरी हाक मारली. मी बोलत बोलत मागं वळलो. धड वळलं, पाय वळलेच नाहीत. ते जमिनीला चिकटून राहिले. मी सरळ पाठीवर गेलो. मोदक सगळीकडे. उजवं मनगट मोडलं. आणि तुम्ही सगळे धावत आलात, तेव्हा माझ्या दोन्ही हातांपैकी एकही खिशात नव्हता. अशा रीतीनं भिलाईला माझा रोग कळला.

मनगट दीड महिन्यात जुळलं. भीती काही जुळली नाही, उलट वाढत गेली. मी फिरायला जाणं बंद केलं. गच्चीवर जाणं बंद केलं. सौ.नं बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसायला सुरुवात केली. यातली मेख अशी आहे की पडण्याच्या भीतीनं माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून पाय दुबळे होतात, पाय दुबळे झाले की पडतो. मला वेळोवेळी न्यूरॉलॉजिस्ट सांगत होते, "व्यायाम करा." मी "हो" म्हणत होतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून एक छत्तीसगढी मुलगी घरी यायची. "अंकल, वजन दायें पैर पे. अब बायें पैर पे." दहा वेळा, वीस वेळा. खरं सांगतो, इतकं कंटाळवाणं काम मी नाइट शिफ्टलाही केलेलं नाही. ती गेली की मी पुन्हा खुर्चीत.

मग २०२३च्या जानेवारीत बंगलोरहून मुलगा आणि नात आले. मुलगा अमेरिकेतून परत येताना जे खोकं घेऊन आला होता, ते बंगलोरच्या माळ्यावर नऊ वर्षं पडून होतं. नातीनं ते इथं आणलं. त्यात होतं निन्टेन्डो कंपनीचं वी नावाचं यंत्र. २००६ साली बाजारात आलं, २०१३ साली कंपनीनं बनवणं बंद केलं. म्हणजे माझ्यासारखंच निवृत्त. त्याच्याबरोबर एक पांढरा पाट होता. आपण जेवायला बसायचो त्यापेक्षा थोडा मोठा, दोन इंच उंच. त्याला बॅलन्स बोर्ड म्हणतात.

पहिला गोंधळ विजेचा झाला. अमेरिकन अ‍ॅडॉप्टर, तिकडच्या व्होल्टेजचा. मुलगा सरळ भिंतीत घालायला निघाला होता. इंजिनिअर आहे म्हणे, पण सॉफ्टवेअरचा. त्याला थांबवलं आणि सिव्हिक सेंटरमधून स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर आणवला. पिवळी-लाल-पांढरी वायर लावायला जुना टीव्ही बाहेर काढला. आणि मग त्या पाटाखाली काय आहे ते पाहिलं, आणि मला हसूच फुटलं.

मंडळी, तुमच्यापैकी जे माझ्याबरोबर वे-ब्रिजवर होते, त्यांना हे लगेच कळेल. पाटाच्या चार पायांत चार लोड सेल आहेत. वजन पडलं की धातू केसभर वाकतो, स्ट्रेन गेजचा रोध बदलतो, त्यावरून वजन कळतं. अगदी आपला काटा. फरक एकच. आपल्या काट्यावर ट्रक कुठंही उभा राहिला तरी वजन तेच यायला हवं. चार कोपऱ्यांत फरक आला तर ती आपली चूक. कॉर्नर टेस्टसाठी रणरणत्या उन्हात वजनं इकडून तिकडे हलवल्याचं आठवत असेलच. या पाटाचं उलट आहे. इथं चार कोपऱ्यांतला फरक हीच माहिती. उजव्या दोन सेलवर जास्त, डाव्या दोनवर कमी, तर तुम्ही उजवीकडे झुकलेले आहात. पुढच्या दोनवर जास्त, तर चवड्यांवर आहात. यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा हा हिशेब करतं आणि तुमच्या भाराचा मध्य पडद्यावर एका ठिपक्यानं दाखवतं. प्रयोगशाळेत हेच काम करणारा फोर्स प्लेट लाखांच्या घरात जातो. मेलबर्नच्या काही संशोधकांनी २०१० साली या खेळण्याची त्या प्लेटशी तुलना केली आणि उभं राहण्याच्या चाचणीत हे खेळणं विश्वासार्ह आहे असं त्यांना आढळलं.

या कल्पनेची हकिकतही मजेशीर आहे. वी फिट हा खेळ २००७च्या डिसेंबरात जपानात आला. तो करणारे शिगेरू मियामोतो हे रोज घरी स्वतःचं वजन करून नोंद ठेवायचे. त्यातून खेळ सुचला. आणि दोन पायांचं वजन वेगळं मोजायचं हे सुचलं सुमो पहिलवानांवरून. ते एका काट्यावर मावत नाहीत, म्हणून एकेका पायाखाली एकेक काटा ठेवतात! हे दोन काटे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

नातीनं मला पाटावर उभं केलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मुलगा, मागं खुर्ची आणि खुर्चीमागं सौ. "आजोबा, सरळ उभे राहा." मी राहिलो. अगदी काटकोनात. निदान मला तसं वाटत होतं. पडद्यावर आलं, डावीकडे ३९ टक्के, उजवीकडे ६१. आणि ठिपका टाचांकडे सरकलेला. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. नात उभी राहिली, तिचं ४९ आणि ५१. मुलगा राहिला, त्याचंही ठीक. यंत्र ठीक होतं. बिघाड माझ्या आतल्या काट्यात होता. आपल्या भाषेत सांगायचं तर झिरो शिफ्ट झाला होता.

त्या दिवशी मला जे समजलं ते चार वर्षांत समजलं नव्हतं. या रोगात हालचाली लहान होत जातात, पण माणसाला त्या लहान वाटत नाहीत. मी लांब पाऊल टाकलं असं मला वाटतं, बघणाऱ्याला मी पाय घासत चाललेला दिसतो. सही छोटी होते, आवाज बारीक होतो, आणि सौ. "जरा मोठ्यानं बोला" म्हणाली की मी तिच्यावर चिडतो की मी ओरडतोच आहे. आतलं रीडिंगच चुकीचं, मग दुरुस्ती कशी होणार? बाहेरून कुणीतरी खरं रीडिंग दाखवावं लागतं. फिजिओथेरपिस्ट मुलगी तेच करत होती, तोंडानं. पण तिचं मी ऐकत नव्हतो. ठिपक्याशी मात्र वाद घालता येत नाही.

चाचणी संपल्यावर यंत्रानं माझं वय जाहीर केलं, ८४. तेव्हा मी ६९चा होतो. शिवाय चालताना अडखळता का, असा खोचक प्रश्नही विचारला. सौ. म्हणाली, "विचारतंय ते, उत्तर द्या."

एक खेळ होता टेबल तिरपं करण्याचा. लहानपणी अमरावतीला जत्रेत काचेचं झाकण असलेली एक चपटी डबी मिळायची, आठवते? आत छर्रे असायचे आणि डबी हलवून ते भोकांत पाडायचे. अगदी तेच, फक्त डबीऐवजी आपण स्वतः झुकायचं. पाय न उचलता घोट्यातून पुढं, मागं, डावीकडे, उजवीकडे. "वजन दायें पैर पे, बायें पैर पे" हेच की हे! पण आता मला तो गोळा भोकात पाडायचा होता. पहिल्या दिवशी तीन मिनिटं खेळलो. चौथ्या दिवशी सौ. म्हणाली, "जेवायला या, पंधरा मिनिटं झाली." मला वाटलं दोनच झाली.

एका खेळात फुटबॉल डोक्यानं मारायचा. मधेच बूट आणि पांडाचं तोंड उडत येतं, ते चुकवायचं. हे मला आजतागायत जमलेलं नाही. बूट आहे की चेंडू, हे ठरवेपर्यंत बूट तोंडावर आदळतो. वाईट वाटायचं. नंतर वाचनात आलं की ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१२ साली पार्किन्सन्सच्या १६ रुग्णांना वी फिटचे दहा खेळ शिकवले. सात खेळ रुग्ण निरोगी म्हाताऱ्यांइतकेच चांगले शिकले, तीन खेळांत मात्र मागं पडले. म्हणजे खेळ निवडावा लागतो, आणि सगळेच खेळ जमले पाहिजेत असं नाही. हे वाचल्यावर मी पांडाला रजा दिली.

आता तुम्ही विचाराल, याचा उपयोग किती? इथं मी जरा जपून बोलणार आहे, कारण सभागृहात चार जण असे आहेत की जे उद्याच मुलांना फोन करून यंत्र मागवतील.

माझं सांगतो. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, अशी एक चाचणी असते. जानेवारीत मला १९ सेकंद लागले, एप्रिलमध्ये १४. तोलाची दुसरी एक चाचणी ५६ गुणांची असते, तिच्यात ४१चे ४७ झाले. पण याच काळात मी फिजिओथेरपिस्टचे व्यायामही मन लावून करू लागलो होतो आणि डॉक्टरांनी गोळीची वेळही बदलली होती. एकाच वेळी तीन व्हॉल्व्ह फिरवले तर प्रेशर कशानं सुधारलं हे कोण सांगणार? शिवाय मे-जूनमध्ये लग्नकार्यासाठी दीड महिना नागपुरात होतो, यंत्र इथं. परत आलो तर १४चे १७ झाले होते. व्यायामाची शिल्लक बँकेसारखी राहत नाही.

अभ्यास काय सांगतात? ब्राझीलमध्येच २०१२ साली दुसरा एक प्रयोग झाला. ३२ रुग्ण, १४ सत्रं. निम्म्यांनी वीवर सराव केला, निम्म्यांनी तोलाचे नेहमीचे व्यायाम केले. दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच सुधारले. २०१६ साली अशा आठ प्रयोगांचा, २६३ रुग्णांचा, एकत्र आढावा घेतला गेला. त्याचाही सूर तोच. तोल आणि चाल यांच्यासाठी असे खेळ नेहमीच्या फिजिओथेरपीइतके उपयोगी पडत असावेत, पावलाच्या लांबीला थोडा जास्त फायदा दिसतो, पण पुरावा अजून कच्चा आहे. म्हणजे खेळात जादू नाही. जादू असेल तर ती एवढीच की जो माणूस व्यायाम करत नव्हता तो करायला लागतो. माझ्यासारख्या आळशाला तेवढी पुरली.

एक अभ्यास मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्या मोदकांच्या ताटाशी जाऊन भिडतो. पाच देशांत मिळून झालेला हा प्रयोग २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. वारंवार पडणारे ३०२ वृद्ध, त्यांत पार्किन्सन्सचे बरेच. सगळ्यांना आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे ट्रेडमिलवर चालवलं. निम्म्यांच्या समोर पडदा होता. त्यावर त्यांचेच पाय दिसायचे आणि वाटेत अडथळे यायचे. पाय उचलायचा, वाट शोधायची, लक्ष ठेवायचं, सगळं एकदम. नुसतं चालणाऱ्यांचं पुढच्या सहा महिन्यांतलं पडणं थोडं कमी झालं. पडदेवाल्यांचं मात्र सरासरी बारा वेळांवरून सहावर आलं. निम्मं!

कारण पडणं हे पायात कमी आणि डोक्यात जास्त घडतं. निरोगी माणसाचे पाय आपोआप चालतात, डोकं गप्पांना मोकळं असतं. आमचं ते ऑटोमॅटिक गेलेलं असतं, मॅन्युअलवर चालवावं लागतं. तेवढ्यात कुणी हाक मारली, हातात ताट असलं, की ऑपरेटर पॅनेल सोडून जातो. स्वीडनमध्ये १९९७ साली काही जणांनी अगदी साधी गोष्ट टिपली होती. बोलताना जे वृद्ध चालायचे थांबतात, ते पुढं पडण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे नातीनं आता नवा नियम केला आहे. मी पाटावर असताना ती फोनवरून मला सतराचा पाढा विचारते. सतरा सक्कम येईपर्यंत गोळा भोकाबाहेर जातो. पण पूर्वी तो सतरा दुणेलाच जायचा.

ज्यांना करायचं आहे त्यांनी आधी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारा. एकट्यानं कधीही करू नका, जवळ धरायला कुणीतरी हवंच. गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेत करा. माझं गोळीनंतर साधारण तासाभरानं बरं जमतं. उभं राहिल्यावर ज्यांचं रक्तदाब उतरतं, चक्कर येते, त्यांनी जास्त जपावं. आणि सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे पाटावरून उतरणं. खेळताना कुणी पडत नाही, जिंकल्याच्या आनंदात मागं पाऊल टाकताना पडतात. उतरताना पुढंच उतरा. मला हे कळायला एकदा सौ.च्या मांडीवर बसावं लागलं. (हशा) खुर्ची तिचीच होती, ती उठली नव्हती एवढंच.

यंत्र मिळालं नाही तर? वी तर आता जुन्या बाजारातच मिळतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून खेळायचं किनेक्टही २०१७ साली बंद झालं. नवीन यंत्रं येतात, पण त्यांतले बरेच खेळ जवान माणसांसाठी केलेले असतात, आपल्याला झेपत नाहीत. म्हणून सुमो पहिलवानांचे दोन काटे. घरोघरी वजनकाटा असतोच, दुसरा शेजाऱ्यांकडून आणा. दोन्ही सारखेच दाखवतात ना, हे आधी तपासून घ्या. ओट्यासमोर शेजारी शेजारी ठेवा, ओट्याला हात टेकता येईल असे. एकेक पाय एकेकावर. मागं कुणाला तरी उभं करा. मान खाली घालून आकडा वाचू नका, तोल जाईल, वाचायचं काम मागच्या माणसाला द्या. आधी दोन्हीकडे सारखं वजन आणायचं, मग सावकाश उजवीकडे पाच किलो जास्त, मग डावीकडे. मी यंत्र दुरुस्तीला असताना तीन आठवडे हेच केलं.

ताई ची करणाऱ्यांचंही चांगलं होतं. अमेरिकेत ओरेगनमध्ये १९५ रुग्णांवर आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे प्रयोग झाला, २०१२ साली प्रसिद्ध झाला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांचा तोल सुधारला आणि पडणंही कमी झालं. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नाच शिकवतात. आणि लेझीम! अमरावतीला शाळेत असताना आम्ही मिरवणुकीत लेझीम खेळलोय. ठेका कानावर पडला की या रोगातला अडकलेला पाय सुटतो, हे जगभर पाहिलं गेलं आहे. परवा आपल्या मुलांचा सराव चालू होता, मी फाटकाशी उभा होतो, पाय जमिनीला चिकटलेले. हलगी सुरू झाली आणि मी चालायला लागलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. मिलेहा सोनेजी नावाची एक डिझायनर मुलगी आहे. तिच्या पुण्यातल्या काकांना हा रोग होता. तिनं पाहिलं की सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सरळ उतरतात. मग तिनं कागदावर जिन्याचं चित्र छापून ते सपाट फरशीवर चिकटवलं. काका त्यावरून चालत गेले. २०१५ सालचं तिचं भाषण आहे, जरूर बघा. डोळ्यांना ठराविक अंतरावर काहीतरी दिसलं की पायाला ओलांडायला निमित्त मिळतं. आमच्या घरात बेडरूमपासून बाथरूमपर्यंत मी पिवळी टेप आडवी चिकटवली आहे, प्लँटमधली असते तशी. पाहुण्यांना वाटतं काम चालू आहे.

बोलता बोलता वेळ बराच झाला, आरतीची मंडळी खोळंबली आहेत. कार्यकारिणीनं क्लबमधली मागची खोली बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा द्यायचं कबूल केलं आहे. यंत्र, पाट आणि ट्रान्स्फॉर्मर मी तिथं आणून ठेवतो. फिजिओथेरपिस्ट मुलगीही शनिवारी येईन म्हणाली आहे. पार्किन्सन्स असलाच पाहिजे अशी अट नाही, खिशातला हात बाहेर काढायचीही नाही. येताना बरोबर धरायला एक माणूस आणा.

आता मी खाली उतरतो. या स्टेजला तीन पायऱ्या आहेत, त्यांची मला काळजी नाही. खाली सतरंजीची कड आहे, तिथं मी थांबेन. तेव्हा कृपा करून धावत येऊन हात ओढू नका. ओढलं की मी पडतो. कुणीतरी फक्त समोर आपलं पाऊल आडवं ठेवा, मी ते ओलांडून येतो.